चार कोपऱ्यांची अक्षरं

माझे हात मला मारतात. जन्मापासून मारत आलेत. घास तोंडाकडे न्यायला जावं तर उजवा हात मध्येच उसळतो आणि चमचा दातांवर आपटतो. डावा तर झोपेतही स्वस्थ नसतो, सकाळी उठलं की कपाळावर टेंगूळ असतं आणि ते कुणी दिलं हे विचारायची गरज नसते. जिभेचीही तीच गत. डोक्यात वाक्य सरळ असतं, तोंडाबाहेर पडेपर्यंत त्याचा चेंदामेंदा होतो. या दुखण्याला डॉक्टरांनी लांबलचक नाव दिलं होतं, ते आमच्या घरात कुणाला धड म्हणता आलं नाही. पेणमध्ये आमच्या आळीत मला वेडा म्हणायचे. वेडा मी नव्हतो, तापट होतो. पण तापट माणसाला निदान शिवी तरी देता यायला हवी, माझी तीही तोंडात फुटायची.

बाप गणपती करायचा. घरामागेच कारखाना, म्हणजे पत्र्याची लांब शेड, आणि तिच्यात ओळीने वाळत ठेवलेल्या मूर्ती. लहानपणी मी एकदा फरफटत आत गेलो, हात उडाला आणि ओळीतल्या मूर्ती एकीवर एक कोसळल्या. बापाने हाताला लागला तो बांबू घेतला. तो माझ्यावर मोडला तेव्हा दुसरा घेतला. त्या दिवसापासून सीझनला माझे हात बांधून ठेवायची पद्धत पडली. टेम्पोत मूर्ती हलू नये म्हणून ज्या चिंध्यांनी बांधतात, त्याच चिंध्या. आई मी लहान असतानाच गेली होती, तेव्हा सोडवणारी एकटी ताई. ती मला सोडवायची आणि त्यासाठी तिला माझ्याआधी मार बसायचा.

माझं बोलणं जगात एकट्या ताईला कळायचं. मी बरळल्यासारखं काहीतरी करायचो आणि ती समोरच्याला सांगायची, "तो म्हणतो..." पण ताई सरळ सांगेल तर शपथ. गडब गावची आमची आत्या आली की माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "मागल्या जन्मीचं पाप गो, दुसरं काय." एकदा मी तिला म्हणालो, तुझ्या तोंडात शेण. आत्याने ताईकडे बघितलं. "काय म्हनतो गो?"

"म्हनतो, आत्या आल्यासारखी जेवूनच जा," ताई म्हणाली.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती खरंच जेवायला थांबली. वर दोनदा भात घेतला. मी पाटावर डोकं आपटून घेतलं आणि ताई तोंडाला पदर लावून हसत राहिली. असं तिने माझं सगळं बोलणं साखरेत घोळून लोकांना वाढलं. गावात माझी ख्याती काय, तर बिचारा स्वभावाने फार गोड आहे.

मग ताईचं लग्न झालं, रोह्याला. नवरा कंपनीत शिफ्टला, दिसायला देखणा, बोलायला त्याहून. ती गेली आणि मी मुका झालो. तहान लागली तर मी ओरडायचो, बाप भाकरी आणून द्यायचा. भूक लागली की पाणी. चिडून मी ताट उडवायचो, बाप मला उडवायचा. भिंतीला माझ्या डोक्याचा तेलकट डाग पडला होता तो अजून आठवतो.

त्याच सुमाराला आमच्या ओटीवर कॉम्प्युटर क्लास सुरू झाला. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती, पेणमध्ये ज्याला त्याला मुलाला कॉम्प्युटर शिकवायचा होता. बापाने ओटी भाड्याने दिली आणि अलिबागहून एक तरुण सर आले. मी दारात बसून बघायचो. एका दुपारी पोरं जेवायला गेल्यावर सरांनी मला खुर्चीवर बसवलं. कीबोर्डवर हात ठेवला तर अख्खी ओळ दाबली गेली. माउस हातातून सुटून भिंतीवर गेला. मग त्यांनी खेळातली विमानं पाडायची काठी, म्हणजे जॉयस्टिक दिली, ती मी मुळापासून वाकवली. सर देवमाणूस वगैरे नव्हते. त्यांनी मला अस्सल आगरी शिवी दिली आणि महिनाभर आत घेतलं नाही.

मग ते एकदा कारखान्यात बापाची आखणी बघत उभे होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते शेवटचं काम, आणि ते घरातला कर्ताच करतो. माझा बाप पक्का दारूबाज होता, सकाळी त्याचा चहा बशीत कमी आणि जमिनीवर जास्त पडायचा. पण डोळा काढताना तो आधी करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायचा. करंगळी टेकली की हात थांबायचा आणि बुबुळ गोल यायचं. सर बराच वेळ बघत राहिले. मग ओटीवर येऊन मला म्हणाले, "तुला टेकायला कायतरी पायजे रे."

त्यांनी बापाकडून प्लास्टरची एक जाड चौकट ओतून घेतली, मधे चौकोनी भोक. ती वाकड्या काठीवर बसवली. आता काठी कितीही जोरात रेटली तरी ती भोकाच्या कडेला जाऊन थांबायची आणि कडेकडेने कोपऱ्यात घसरायची. माझा हात उसळायचा, पण जाणार कुठे? काठी कोपऱ्यातच. सरांनी प्रोग्राम असा लिहिला की चार कोपऱ्यांतून काठी कोणत्या वाटेने गेली तेवढंच मशीन बघणार. मधे हात किती थरथरला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काना म्हणजे उजवा वरचा कोपरा, तिथून सरळ खालचा. प म्हणजे डावीकडून खाली, आडवं, मग उजवीकडून वर. काही अक्षरांच्या वाटा आम्ही भांडून ठरवल्या. मी भांडायचो म्हणजे काठी गदागदा हलवायचो.

माझं पहिलं पूर्ण वाक्य बापासाठी होतं. हात बांधू नका. सरांनी बापाला शेडमधून बोलावून आणलं. हातावर ओलं प्लास्टर तसंच, बापाने पडद्यासमोर उभं राहून ते वाचलं. आत गेला, चिंध्यांचं बोचकं उचललं आणि चुलीत घातलं. मारायचा तो त्यानंतरही मारायचा, पण बांधलं मात्र कधी नाही.

ताई बाळंतपणाला आली तेव्हा तिने हे सगळं बघितलं आणि पोरीला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसायला लागली. काठी मोकळी नसली की ती कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर लिहायची. सात, नऊ, एक, तीन हे त्या चौकोनाचे चार कोपरे, आणि सरांनी त्याच वाटा त्या बटणांनाही शिकवल्या होत्या. सरांनी कुठूनतरी जुना ट्रॅकबॉल, म्हणजे गोळा फिरवायचं यंत्र आणलं, त्यालाही त्याच वाटा. ताई मुद्दाम माझ्यासारखी मूठ वळून, मनगट वाकडं करून बटणं दाबायची आणि लिहायची, आत्या जेवून जा. मी इतका हसायचो की खुर्चीवरून पडायचो. तेवढे दिवस सुखाचे गेले.

पुढच्या श्रावणात बापाला माझ्याकडे बघायला उसंत नव्हती म्हणून ताई मला रोह्याला घेऊन गेली. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीत कंपनीतून आणलेलं निळं पिंप. नळाला पाणी यायचं ते पहाटे थोडा वेळ, ते सगळं त्या पिंपात भरून ठेवायचं. भावोजींनी येताना माझ्यासाठी जिलबी आणली होती. शेजारपाजारी त्यांचं कौतुक करताना थकत नसत.

एके दुपारी ताईची सासू पोरीला घेऊन देवळात गेली होती, तेव्हा माझे कपडे खराब झाले. माझ्या हातात ते नसतं. ताईने पिंपातलं पाणी घेऊन मला धुतलं, कपडे धुतले. भावोजी पहिल्या पाळीवरून आले, अंगाला तो कंपनीचा आंबूस वास, आणि अंघोळीला मोरीत गेले. पिंप अर्धं झालेलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "इकडं ये," एवढंच म्हणाले. ती गेली. त्यांनी तिच्या मानेला धरलं आणि डोकं पिंपात घातलं.

पिंपाच्या कडेला तिचं कपाळ आपटल्याचा आवाज झाला. मग पाण्याचा. तिचे हात पिंपाच्या दोन्ही बाजूंना चापट्या मारत होते, बांगड्या फुटत होत्या. मी ओरडलो. माझं ओरडणं शेजाऱ्यांच्या सवयीचं होतं, कुणी आलं नाही. मी खुर्चीवरून स्वतःला खाली पाडलं आणि कोपरांवर सरकत गेलो. मोरीचा उंबरा पार करेपर्यंत चापट्या थांबल्या होत्या. ताईचे पाय फरशीवर नुसते टेकलेले दिसत होते, चवडे आत वळलेले. माझे हात कामाचे नव्हते. दात होते. मी भावोजींच्या पोटरीला चावलो आणि सोडलं नाही. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्यांनी ताईला सोडून माझ्या तोंडात लाथ घातली, तेव्हा पुढचा दात आणि त्यांचं मांस एकदमच सुटलं.

ताई फरशीवर पडून पाणी ओकली. भावोजींनी पोटरीला टॉवेल गुंडाळला आणि तिला म्हणाले, "पुढच्या टायमाला हा नसंल सोडवायला."

आता मात्र शेजारीण दारात आली. मी तोंडातलं रक्त थुंकत सांगितलं, बुडवली, मारून टाकत होता. शेजारणीने ताईकडे बघितलं. ताईच्या केसांतून पाणी गळत होतं, कपाळ फुटलेलं.

"म्हनतो, दोघं पन घसरलो मोरीत," ताई म्हणाली.

मी तिला मारलं. हात उडाला म्हणून नाही, मनापासून मारलं. मूठ तिच्या खांद्यावर बसली आणि तिने ती तशीच धरून ठेवली.

गणपतीला ती मला घेऊन पेणला आली. पोरगी मात्र भावोजींनी आपल्या आईपाशी रोह्यालाच ठेवून घेतली. "म्हंजे लवकर येशील," असं हसत हसत म्हणाले. गौरी गेल्या, गणपती गेले, ताई निघायचं नाव काढेना. शेवटी भावोजी आपल्या थोरल्या भावाला घेऊन तिला न्यायला आले. ओटीवर बैठक बसली. बाप, आत्या, ते दोघे, आणि क्लास बंद करून कोपऱ्यात उभे राहिलेले सर. ताईच्या कपाळावरची खूण सगळ्यांना दिसत होती.

"मोरीत शेवाळ धरलंय, पाय घसरतो," भावोजी म्हणाले. "मी तरी किती लक्ष ठेवनार?"

"नवराबायकोत व्हतं मागंपुढं," बाप म्हणाला. त्याने स्वतः आयुष्यभर तेच केलं होतं, तो दुसरं काय म्हणणार. "आज जाऊ दे तिला."

मी बोललो. जेवढ्या सावकाश जमेल तेवढ्या सावकाश बोललो. तो तिला पिंपात बुडवतो, पाठवू नका, तो मारून टाकील. सगळ्यांनी वळून ताईकडे बघितलं, नेहमीसारखं.

ताई खाली बघत होती. "म्हनतो, भावोजी चांगलं हायत," ती म्हणाली. "म्हनतो, ताईला पाठवा."

"बघा, त्याला बिचाऱ्याला पन कळतं," आत्या म्हणाली.

माझ्या अंगात तेव्हा जे उसळलं ते आजही आठवलं की हात आवळले जातात. मी भिंतीवर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. बाप मला धरायला उठला, पण सर मध्ये पडले. त्यांनी काही न विचारता मला उचलून मशीनपुढे बसवलं आणि बटण दाबलं. मशीन सुरू व्हायला युगं लागली. मी काठी धरली. चौकटीच्या कडेने ती रेटली आणि पडद्यावर प आला, वेलांटी आली, वर टिंब आलं.

भावोजींना पडदा दिसत होता. पुढचा प येऊन पिंप झाल्यावर ते उठले. "ह्याचे काय खेळ चाललेत," म्हणत त्यांनी काठी चौकटीसकट उपटली आणि अंगणातल्या दगडावर फेकली. प्लास्टरच ते, भुगा झाला. सरांनी त्यांचा दंड धरला तर थोरल्या भावाने सरांच्या कानाखाली आवाज काढला. तेवढ्या धुमश्चक्रीत मी मूठ वळली आणि आकड्यांच्या बटणांवर नेली. पुन्हा पहिल्यापासून. सात, एक, तीन, नऊ. इथे चौकटीची कड नव्हती, हात शेजारच्या बटणांवर घसरत होता, चुकत होतं. मी करंगळी कीबोर्डच्या काठावर टेकवली. बापासारखी. मग हात थांबला.

बाप माझ्या मागे येऊन उभा होता. अक्षर उमटेल तसा तो मोठ्याने वाचत होता, शाळेतल्या पोरासारखा तोडून तोडून. "पिं-पात. बु-ड-व-ली." मी थांबलो नाही. "पु-न्हा. बु-ड-व-णार." बापाने ते दुसऱ्यांदा वाचलं, या वेळी सलग. मग त्याने ताईला हाक मारली. "व्हय गो?"

माझं बोलणं साखरेत घोळायला तिच्यापाशी त्या क्षणी काही उरलं नव्हतं. तिने फक्त गळ्याशी हात नेला.

बाप शेडमध्ये गेला आणि प्लास्टर ढवळायचा दांडका घेऊन आला. पहिला घाव भावोजींच्या खांद्यावर बसला, दुसरा त्या पोटरीवर, जिथे माझे दात होते. थोरला भाऊ मध्ये आला, त्यालाही मिळाला. आयुष्यभर मी त्या हाताचा मार खाल्ला होता. त्या दिवशी तो हात बघून मी आनंदाने किंचाळत होतो. भावोजी लंगडत फाटकाबाहेर गेले आणि तिथून ओरडले, "पोरीला इसरा आता!"

तेव्हा ताई माझ्याकडे वळली. तिने मला एक थोबाडीत दिली, मग दुसरी, मग मोजायचं कारण उरलं नाही. "माजी पोर तिथं हाय!" ती ओरडत होती. "माजी पोर तिथं हाय रं!" मला हे सुचलंच नव्हतं. ती खोटं का बोलत होती हे मला तोवर कळलंच नव्हतं, तिच्या भित्रेपणाचा नुसता संताप आला होता. मी तोंड चुकवलं नाही.

बाप आणि सर मूर्तींच्या टेम्पोने रोह्याला निघाले. नागोठण्याला अंबा नदीचा पूर रस्त्यावर आलेला, परत फिरले. दुसऱ्यांदा गेले तर दाराला कुलूप. त्या दिवसांत ताई जेवायची नाही. पोरीचं झबलं उशाखाली घेऊन पडून असायची, आणि मी तिच्याकडे तोंड केलं की भिंतीकडे वळायची. मी मनात भावोजींना रोज नव्या तऱ्हेने मारत होतो. शेवटी एकदा भावोजी पाळीवर असतील अशी वेळ बघून बाप गेला, तेव्हा म्हातारी सासूच पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. तिने डोक्यावरचा पदर सारून केसांतली जुनी खोक बापाला दाखवली. "माज्या पोटचाच हाय तो," म्हणाली. "न्या हिला. लवकर न्या." बाप आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या पाया पडला असेल तर तिच्या.

पोर घरी आली. ताई हसायला लागली, मूर्तींना रंग द्यायला लागली, कामात बापाच्या बरोबरीला आली. बापाने न सांगता नवी चौकट ओतून ठेवली होती. पण माझं बोलणं ताई पुन्हा कधीही कुणाला सांगायला तयार झाली नाही. दिवाळीनंतर आत्या आली, मी काहीतरी म्हणालो, आत्याने सवयीने विचारलं, "काय म्हनतो गो?"

"त्यालाच इचारा," ताई म्हणाली आणि आत निघून गेली. आत्याला पडद्यासमोर बसावं लागलं. मी तिला अनेक वर्षांचं साचलेलं एकच वाक्य लिहून दाखवलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

माझ्याशी ताई कामापुरतं बोलायची. पिंपाचा शब्द घरात कुणी काढत नव्हतं. आमच्या मोरीतलं पिंप तिने स्वतः बाहेर काढून उलटं करून ठेवलं होतं, पाणी आम्ही कळशांत भरायचो. पोर अंघोळीला रडली की ताईचे हात थांबायचे, आणि मग बापच नातीला धुऊन काढायचा.

शिमग्याच्या आसपासची एक दुपार. क्लासची पोरं गेली होती, सर जेवायला गेले होते, मी मशीनपुढे बसलो होतो. ताई रंगाचे हात पुसत आली आणि शेजारी स्टुलावर बसली. मग तिने मूठ वळली, माझ्यासारखं मनगट वाकडं केलं आणि आकड्यांची बटणं दाबायला लागली. मला वाटलं चेष्टा करतेय, मी हसायला सुरुवातही केली. अक्षरं एकेक करून आली.

मी आत किती वेळ होते?

ती पडद्याकडेच बघत होती. हे तिला माहीत नव्हतं. भावोजी सांगणार नव्हते, आणि बघणारा दुसरा कुणीच नव्हता. माझी काठी चौकटीत खडखडायला लागली. मी ती कडेला रेटून धरली, वाट चुकली, पुन्हा सुरू केलं. ताईने घाई केली नाही.

मी चावेपर्यंत, असं मी लिहिलं.

तिने ते वाचलं. मग माझी मूठ काठीवरून सोडवून आपल्या मांडीवर घेतली आणि घट्ट धरून ठेवली. हात उसळत होता, तिच्या पोटावर, बरगड्यांवर आपटत होता. तिने सोडला नाही.